नव्याण्णव टक्के वसुलीची गोष्ट : आंध्र प्रदेश, २०१०

बैठक सकाळी लवकर भरायची. त्यानंतर बायकांना शेतावर नाहीतर रोजंदारीवर जायचं असायचं आणि कंपनीच्या माणसाला दुपारच्या आत आणखी काही गावं उरकायची असायची. अंगणात पाच-पाच जणींच्या रांगा, सुरुवातीला सगळ्यांनी एका सुरात म्हणायची प्रतिज्ञा, मग हप्ते. प्रत्येक गटाची प्रमुख आपल्या पाच जणींचे पैसे गोळा करून पुढे सरकवायची. कंपनीचा माणूस, ज्याला तिथे ‘संगम मॅनेजर’ म्हणत, नोटा मोजून वसुलीच्या छापील तक्त्यावर खूण करायचा. एकीचे पैसे कमी पडले तर उरलेल्या चौघींनी भरायचे. त्यांनाही जमेना तर बैठक उठायची नाही. मग कुणी शेजारणीकडे धावायची, कुणी नवऱ्याला शोधायला जायची. शेवटी तक्त्यावरचा एकही रकाना रिकामा राहायचा नाही.

२०१० पर्यंत आंध्र प्रदेशात (तेव्हा तेलंगणही त्यातच होतं) मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या, म्हणजे गरिबांना विनातारण छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या, दर आठवड्याला अशा हजारो बैठका होत होत्या. त्यांची बेरीज एका आकड्यात यायची : वसुली ९९ टक्के. कुणाकडेही तारण नाही, पगाराची चिठ्ठी नाही, आणि तरी शंभरातले नव्याण्णव रुपये वेळेवर परत! हा आकडा गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात असायचा, बँकांच्या कर्जप्रस्तावात असायचा, परिषदांमधल्या भाषणांतही असायचा. त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला होता : गरिबांना कर्जाचा उपयोग होतोय, म्हणून तर ते फेडतायत.

पुढे काही महिन्यांत हाच आकडा कोसळला. त्या कोसळण्याची सुरुवात या अर्थापासून करावी लागते, असं मला वाटतं.

संस्था ते कंपनी

या कंपन्यांपैकी एसकेएसची ही गोष्ट. विक्रम अकुला यांनी १९९७ मध्ये ‘स्वयं कृषी संगम’ ही स्वयंसेवी संस्था काढली आणि १९९८ पासून मेडक जिल्ह्यात कर्जवाटप सुरू केलं. हैदराबादेत जन्म, अमेरिकेत वाढलेला मुलगा, शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट, मध्ये मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत नोकरी. गरिबी आणि व्यवस्थापन या दोन्ही भाषा त्यांना येत होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता. देणग्यांच्या पैशावर काही हजार बायकांपर्यंत पोहोचता येईल, कोट्यवधींपर्यंत नाही. तेवढा पैसा फक्त भांडवल बाजारात असतो आणि बाजार परतावा मागतो. तेव्हा परतावा द्यावा, पैसा आणावा, वेगाने वाढावं.

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. बांगलादेशातली ग्रामीण बँक ठेवी घेऊ शकत होती. गावातल्याच बायकांची बचत गावातच कर्ज म्हणून फिरायची आणि बँकेची बहुतांश मालकीही कर्जदारांकडेच होती. भारतात बँकेतर वित्तीय कंपनी म्हणून काम करणाऱ्या मायक्रोफायनान्स संस्थांना ठेवी घ्यायला मनाई होती. म्हणजे पैसा उभा करायला दोनच दारं : बँकांचं कर्ज आणि गुंतवणूकदारांचं भागभांडवल. बँका तयार होत्या, कारण एकूण कर्जाच्या ४० टक्के रक्कम प्राधान्य क्षेत्राला देण्याचं बंधन त्यांच्यावर होतंच, आणि मायक्रोफायनान्स कंपनीला दिलेलं घाऊक कर्ज त्यात मोजलं जायचं. गावोगाव शाखा उघडण्यापेक्षा एकच मोठा धनादेश फाडणं त्यांना सोपं होतं.

२००५ मध्ये संस्थेचं कामकाज ‘एसकेएस मायक्रोफायनान्स’ या बँकेतर वित्तीय कंपनीकडे गेलं. या टप्प्यावर एक गोष्ट घडली, जिच्याकडे नंतरच्या गदारोळात फारसं कुणी पाहिलं नाही. स्वयंसेवी संस्थेला मिळालेला देणगीचा पैसा कर्जदार बायकांच्या नावाने उभारलेल्या पाच म्युच्युअल बेनिफिट ट्रस्टमध्ये गेला आणि ट्रस्टमार्फत तो कंपनीचं भांडवल झाला. कागदावर बायकाच मालक. नवे गुंतवणूकदार येत गेले तसा ट्रस्टांचा हिस्सा आक्रसत गेला, आणि ज्यांच्या नावाने हे ट्रस्ट होते त्यांचं कारभारात काही चालल्याचं कुठे दिसत नाही. मायक्रोफायनान्सचे अभ्यासक एम. एस. श्रीराम यांनी २०१० मध्येच या व्यवहारावर सविस्तर टीका केली होती : देणगीचा पैसा सार्वजनिक हेतूने आला आणि खासगी संपत्तीचा पाया झाला. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच. बेकायदा यात काहीच नव्हतं. पण बायकांना मालक म्हणायचं असेल तर निदान एकदा तरी त्यांना विचारायला हवं होतं.

गुंतवणूकदारांची रांग लागली. सुरुवातीला युनायटस ही गुंतवणूक संस्था आणि गुंतवणूकदार विनोद खोसला, जे सामाजिक हेतू उघडपणे बोलून दाखवत. २००७ मध्ये सिकोया कॅपिटल, जिचा पिंडच मुळी तंत्रज्ञान कंपन्या मोठ्या करून विकण्याचा. २००८ मध्ये सँडस्टोन या गुंतवणूक फंडाच्या पुढाकाराने साडेसात कोटी डॉलर आले. मार्च २००६ मध्ये सभासद दोन लाखांच्या आसपास होते. मार्च २०१० मध्ये ते ६७ लाखांवर गेले, २,००० हून अधिक शाखा आणि १९ राज्यं. चार वर्षांत तीसपटीहून जास्त. इतक्या वेगाने कुठलाही धंदा वाढला तर त्यात नव्याने घेतलेली माणसं जास्त आणि मुरलेली कमी, हे सांगायला पदवी लागत नाही.

पन्नास हप्त्यांचं गणित

आकड्यांत एकदा शिरू. १०,००० रुपयांचं कर्ज, ५० आठवडी हप्ते, १५ टक्के ‘सपाट’ व्याज. व्याज १,५०० रुपये, एकूण परतफेड ११,५००, दर आठवड्याला २३० रुपये. बैठकीत सांगितलं जायचं १५ टक्के. पण पहिल्या आठवड्यापासून मुद्दल परत जातंय, त्यामुळे वर्षभरात हातात सरासरी निम्मीच रक्कम राहते. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हाच दर वर्षाला सुमारे २९ टक्के पडतो.

२९ टक्के ऐकून भुवया उंचावतात. पण गावातला सावकार शेकडा तीन-चार रुपये महिना लावायचा, म्हणजे वर्षाला ३६ ते ४८ टक्के. कंपनीचं कर्ज त्याहून स्वस्तच. शिवाय दहा हजारांचं कर्ज द्यायला आणि पन्नास वेळा दारात जाऊन वसूल करायला जो खर्च येतो तो दहा लाखांच्या कर्जापेक्षा फार कमी नसतो, आणि खुद्द कंपनीला बँकेकडून पैसा फुकट मिळत नव्हता. दराबद्दल झालेला आरडाओरडा म्हणूनच मला थोडा चुकीच्या जागी झालेला वाटतो.

खरी अडचण हप्त्याच्या तालात होती. शेतमजुराच्या घरात पैसा लावणीला येतो, कापणीला येतो, मध्ये कोरडा काळ जातो. सावकार महाग, पण सुगीपर्यंत थांबतो. अपमान करतो आणि थांबतो. कंपनीची बैठक थांबत नाही. आषाढ असो की लग्नसराई, त्या त्या वारी २३० रुपये लागतातच.

मग कोरड्या आठवड्यांत ते यायचे कुठून? दुसऱ्या कंपनीकडून. तिचा हप्ता तिसरीकडून, तिसरीचा बचत गटाच्या कर्जातून, आणि सगळीकडे हात पसरून झाले की पुन्हा सावकाराकडून. याची टोपी त्याला. गंमत अशी, की या प्रत्येक फेरीत प्रत्येक कंपनीच्या तक्त्यावर वसुली पूर्ण दिसते. एकाच गल्लीत चार कंपन्यांच्या बैठका भरत, चौघींचीही वसुली ९९ टक्के, आणि त्या गल्लीतल्या घरावरचं एकूण कर्ज मात्र वाढतच जायचं. ते एकूण कर्ज मोजायची सोयच तेव्हा नव्हती. छोट्या कर्जदारांच्या नोंदी ठेवणारी क्रेडिट ब्युरोची व्यवस्था २०११ मध्ये उभी राहिली, म्हणजे घर जळून गेल्यावर.

मायक्रोफायनान्सच्या टीकाकारांनाही थोडं थांबवेल अशी एक पाहणी त्याच काळातली आहे. ‘सेंटर फॉर मायक्रो फायनान्स’ या संशोधन संस्थेने ग्रामीण आंध्रातल्या कुटुंबांची कर्जं तपासली. ८० टक्क्यांहून अधिक कुटुंबांकडे अनौपचारिक कर्ज होतं, निम्म्याहून जास्त घरांत बचत गटाचं होतं, आणि मायक्रोफायनान्स कंपनीचं कर्ज असलेली कुटुंबं होती फक्त ११ टक्के. म्हणजे गावं कर्जात बुडाली होती हे खरं, पण एकट्या कंपन्यांनी बुडवली असं म्हणणं पुराव्याला धरून नाही. कंपन्यांचं कर्ज त्या ढिगावरचं शेवटचं ओझं होतं. तेच सगळ्यांत ताठ आणि डोळ्यांत भरणारंही होतं.

कर्जामुळे आयुष्य बदलतं का, या प्रश्नाचं उत्तरही तोवर हाताशी आलं होतं. हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून तिथे स्पंदना या कंपनीची शाखा आधी उघडली गेली आणि अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या कुटुंबांची तुलना केली. पहिले निष्कर्ष २००९ मध्ये आले. काही घरांनी शिलाई मशीनसारख्या टिकाऊ वस्तू घेतल्या, चालू धंद्यांना थोडा हात मिळाला. पण कुटुंबाचा एकूण खर्च वाढला नाही. मुलांच्या शिक्षणात किंवा घरातल्या निर्णयांत बाईच्या वाट्याला येणाऱ्या अधिकारात फरक दिसला नाही. वाईट झालं नाही, चमत्कारही झाला नाही. भांडवल बाजाराला ज्या गोष्टीच्या जोरावर शेअर विकायचे होते त्यात मात्र चमत्कार गृहीत धरला होता.

साठ दिवस

‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ हा शब्दच २००७ चा. इटलीतल्या बेलाजिओ इथे रॉकफेलर फाउंडेशनने बोलावलेल्या बैठकीत तो रुजला. नफ्याबरोबर समाजाचं मोजता येण्याजोगं भलं करणारी गुंतवणूक, असा त्याचा अर्थ. ज्या वर्षी शब्द जन्मला त्याच वर्षी मेक्सिकोतल्या कॉम्पार्तामोस या मायक्रोफायनान्स बँकेने शेअर बाजारात पाऊल ठेवलं. सुमारे ३० टक्के हिस्सा विकून जुन्या भागधारकांनी ४५ कोटी डॉलरहून जास्त मिळवले. नवं भांडवल एक पैसाही उभं केलं नाही, आणि तिथल्या कर्जाचे दर ८० टक्क्यांच्या वर होते. ग्रामीण बँकेचे संस्थापक महंमद युनूस यांनी तेव्हाच कडाडून विरोध केला होता. तरी या विक्रीतून एक गोष्ट सिद्ध झाली : गरिबांना कर्ज देणाऱ्या कंपनीतून बाहेर पडायचं दार आहे, आणि ते बरंच मोठं आहे.

या ‘बाहेर पडण्या’बद्दल दोन शब्द. गुंतवणूक फंडाचं आयुष्य ठरलेलं असतं, साधारण सात ते दहा वर्षं. तेवढ्यात पैसे लावायचे, वाढवायचे, विकायचे आणि मूळ मालकांना परत करायचे. विकसित देशात विकायला गिऱ्हाइकं असतात, मोठी कंपनी छोटीला घेते. विकसनशील अर्थव्यवस्थेत असा खरेदीदार बहुधा नसतो, मग उरतो तो शेअर बाजार. शेअर बाजाराला हवी असते वाढीची कहाणी. म्हणजे मेडकमधल्या संगम मॅनेजरला या आठवड्यात किती नवी कर्जं वाटायची, हे शेवटी ज्यांनी मेडक पाहिलेलंही नाही अशांच्या फंडाच्या मुदतीवर ठरत होतं.

एसकेएसचा आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, २८ जुलै २०१० ला खुली झाली. किंमतपट्टा ८५० ते ९८५ रुपये. जानेवारीत नारायण मूर्तींच्या कॅटामरान फंडाला हाच शेअर ३०० रुपयांना मिळाला होता. मागणी तेरापटीहून जास्त आली. सुमारे १,६५० कोटी रुपये उभे राहिले, पण त्यातले निम्म्याहून अधिक जुन्या भागधारकांनी विकलेल्या शेअरचे होते. विकणाऱ्यांत सिकोया होती, युनायटस होती आणि बायकांच्या नावाचे ते ट्रस्टही होते. १६ ऑगस्टला नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी भाव हजारावर बंद झाला.

सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला क्लिंटन ग्लोबल इनिशिएटिव्ह या परिषदेच्या मंचावर युनूस आणि अकुला समोरासमोर आले. युनूस यांचं म्हणणं, गरिबांकडून नफा कमावता येतो हा संदेश बाजारात गेला की सावकारी परत आली समजा. अकुलांचं म्हणणं, कोट्यवधी लोकांनी किती वर्षं थांबायचं? दोघंही आपापल्या जागी पटण्यासारखे. फक्त ज्यांच्याबद्दल हा वाद होता त्यांच्या गावात तोपर्यंत वेगळंच काही शिजत होतं.

४ ऑक्टोबरला कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला अचानक पायउतार करण्यात आलं. शेअर बाजारातल्या नोंदणीला दोन महिने होत नाहीत तोवर हे झाल्याने बाजार बिथरला. पण तो कंपनीच्या आतला गोंधळ होता. खरा घाव १५ ऑक्टोबरला बसला, शेअर बाजारात नोंदणी झाली त्याच्या बरोबर साठाव्या दिवशी : आंध्र सरकारने मायक्रोफायनान्स कंपन्यांवर निर्बंध घालणारा अध्यादेश काढला.

सरकार नावाचा स्पर्धक

गुंतवणूकदारांच्या कागदपत्रांत आंध्र प्रदेश ही ‘विकसित बाजारपेठ’ होती. देशातल्या मायक्रोफायनान्स कर्जांचा मोठा हिस्सा, साधारण तिसरा भाग, एकट्या या राज्यात होता. का? कारण बायकांचे गट तिथे आधीच तयार होते. ते तयार केले होते राज्य सरकारने. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेली ‘वेलुगु’, पुढे ‘इंदिरा क्रांती पथम’ ही योजना, लाखो बचत गट, त्यांना बँकांशी जोडणं, आणि ‘पावला वड्डी’, म्हणजे शेकडा पाव रुपया महिना, वर्षाला ३ टक्के इतकंच व्याज गटांवर पडावं अशी सवलत. कंपन्या या तयार शेतात उतरल्या. बायकांना एकत्र बसायची, हप्ता भरायची सवय लागलेली होती. ती लावण्यात सरकारचा पैसा आणि राजकारण दोन्ही गुंतलेलं होतं. बचत गटातली प्रत्येक बाई हे एक मत होतं.

तेव्हा आंध्र सरकार या खेळात पंच नव्हतं, स्पर्धक होतं. हे कुणाला ठाऊक नव्हतं असंही नाही. मार्च २००६ मध्ये कृष्णा जिल्ह्यात प्रशासनाने कंपन्यांच्या सुमारे पन्नास शाखांना कुलपं ठोकली होती. आरोप तेच : जादा व्याज, दमदाटीने वसुली. त्या वेळी आचारसंहिता लिहिली गेली, आश्वासनं दिली गेली, कुलपं निघाली. गुंतवणूकदारांनी यातून घेतलेला धडा असा, की संकट येतं आणि जातं. पुढची चार वर्षं पैसा आणखी वेगाने त्याच राज्यात ओतला गेला.

२०१० च्या पावसाळ्यानंतर आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. कर्जबाजारी बायका, दारात बसलेले वसुली कर्मचारी, गटातल्या इतरजणींचे टोमणे. आकडे प्रत्येक यादीत वेगळे होते आणि एका मृत्यूमागे कुठलं कर्ज किती कारणीभूत हे ठरवणं अवघड होतं. कंपन्यांनी आपला संबंध नाकारला. पुढे २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेसने बातमी दिली, की खुद्द एसकेएससाठी झालेल्या एका चौकशीत काही मृत्यूंशी कर्मचाऱ्यांच्या वागणुकीचा संबंध जोडला होता. कंपनीने ते निष्कर्ष मान्य केले नाहीत. मला यात एकच दिसतं. पाच जणींच्या सामूहिक हमीमुळे वसुलीचं काम कंपनीने शेजारणींवर सोपवलं होतं. कर्मचाऱ्याने आवाज चढवला नाही तरी शेजारीण चढवते, आणि ती संध्याकाळी नळावरही भेटते.

अध्यादेश कडक होता. प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र नोंदणी करा. आठवडी हप्ते बंद, महिन्याचेच घ्या. वसुली घरी नाही, ग्रामपंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापेक्षा जास्त नको. बचत गटाच्या सभासदाला परवानगीशिवाय नवं कर्ज नाही. दमदाटी केली तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. विरोधी पक्षही मागे राहिला नाही, कर्ज फेडू नका असं उघड सांगितलं जाऊ लागलं.

आकडा कोसळतो

आता त्या ९९ टक्क्यांकडे परत. ज्या बाईने चाळीस आठवडे बिनचूक २३० रुपये भरले ती एक्केचाळिसाव्या आठवड्याला का थांबली? तिचं उत्पन्न रातोरात घटलं नव्हतं. ती बेइमानही झाली नव्हती. फक्त पुढचं कर्ज मिळणार नाही, हे तिला कळलं. तारण नसलेल्या कर्जात फेडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं : हे फेडलं की यापेक्षा मोठं मिळेल. नवं वाटप बंद पडलं, शेजारणींनी भरायचं थांबवलं, आणि एकटीनेच भरत राहणं म्हणजे वेडेपणा ठरला. काही महिन्यांत राज्यातली वसुली १० टक्क्यांच्या आसपास आली.

म्हणजे ९९ हा आकडा मागच्या कर्जाने केलेलं भलं मोजत नव्हता. तो पुढच्या कर्जाची आशा मोजत होता. आशा खरी होती तोवर आकडाही खरा होता. लेखापरीक्षकाला त्यात चूक सापडली नसती.

कंपन्यांना मात्र ते भोवलं. आंध्रातल्या अनेक मोठ्या कंपन्यांना बँकांकडे कर्जाची फेररचना मागावी लागली. एसकेएस त्यातून वाचली, आणि हे प्रकरणातलं खास वळण : वाचली ती आयपीओतून आलेल्या भांडवलामुळे. ज्या पैशावर सगळ्यांनी बोट ठेवलं तोच अंगावरचं चिलखत ठरला. तरी २०११-१२ चा तोटा १,३६१ कोटी रुपये होता. अकुला नोव्हेंबर २०११ मध्ये बाहेर पडले. २०१२ च्या मध्याला शेअर १०० रुपयांखाली होता. २०१३-१४ मध्ये कंपनी पुन्हा नफ्यात आली, २०१६ मध्ये ‘भारत फायनान्शियल इन्क्लुजन’ झाली आणि २०१९ मध्ये इंडसइंड बँकेत विलीन झाली.

ज्यांचा या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता त्यांनी त्याची किंमत मोजली, हे एमिली ब्रेझा आणि सिंथिया किनन या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसतं. आंध्रात पैसे अडकलेल्या कंपन्यांनी इतर राज्यांतलंही वाटप आखडलं. तिथे कुणी हप्ता चुकवला नव्हता. तरी अशा जिल्ह्यांत कर्ज आटलं, आणि त्याबरोबर शेतमजुरीचे दर घसरले. कर्ज न घेतलेल्या मजुराचीही मजुरी कमी झाली, कारण त्याला कामावर घेणाऱ्याच्या हातात खेळता पैसा उरला नाही. मायक्रोफायनान्स निरुपयोगी होतं असं म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा. कर्ज येण्याने चमत्कार झाला नव्हता, पण ते एकदम जाण्याने नुकसान झालं.

गुंतवणूकदाराच्या बाजूने

या प्रकरणाकडे लोभाची कथा म्हणून पाहिलं जातं. लोभ होताच, पण तेवढ्यावर थांबलं तर हातात काही लागत नाही. चांगल्या हेतूचे गुंतवणूकदार काय वेगळं करू शकले असते?

एका राज्यात इतका पैसा लावू नये हे उघड आहे, पण तो लावला गेला त्यामागे तर्क होता : गट तयार, वसुली उत्तम, शाखेचा खर्च कमी. धोका आणि सोय एकाच ठिकाणी राहत होती. दुसरं, परवाना दिल्ली-मुंबईतून आणि व्यवहार गावात. कंपनीवर देखरेख रिझर्व्ह बँकेची होती, पण सावकारी हा विषय राज्याचा. हा पेच न्यायालयात बारा वर्षं राहिला. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना राज्याचा तो कायदा लागू होत नाही, असा निकाल तेलंगण उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला, तेव्हा मूळची कंपनी त्या नावाने उरलीही नव्हती. कंपन्या कायदेशीरदृष्ट्या बरोबर ठरल्या. त्या निकालाचा २०१० च्या ताळेबंदाला काय उपयोग?

आणि मापाचा प्रश्न. गुंतवणूकदाराला सहज मिळणारे आकडे म्हणजे सभासद किती, शाखा किती, वसुली किती. घरावरचं एकूण कर्ज किती, कोरड्या महिन्यात हप्ता कशातून भरला, किती जणी दुसरं कर्ज काढून पहिलं फेडतात, हे विचारायला वेळ लागतो आणि उत्तर आलं तर वाढ मंदावते. इथे कुणी आकडे लपवले नाहीत. गैरसोयीचे आकडे गोळाच झाले नाहीत. २९ नोव्हेंबर २०१० ला, म्हणजे अध्यादेशानंतर सहा आठवड्यांनी, जे. पी. मॉर्गनचा इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंगवरचा अहवाल आला. पुढच्या दहा वर्षांत ४०० अब्ज ते एक लाख कोटी डॉलर गुंतवले जाऊ शकतील आणि १८३ ते ६६७ अब्ज नफा होऊ शकेल, असा अंदाज त्यात होता. ज्या पाच क्षेत्रांच्या आधारे तो बांधला त्यांत मायक्रोफायनान्स होतं.

नियम बदलले, हे खरं. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. व्याजावर कमाल मर्यादा, एका बाईला दोनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये, अशा शिफारशी होत्या. त्याच वर्षअखेर या कंपन्यांचा वेगळा वर्ग केला गेला. एप्रिल २०२२ पासून तर व्याजाची मर्यादा काढून मूळ प्रश्नालाच हात घातला गेला : वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. हप्ता आला की नाही यापेक्षा तो घरातून किती ओरबाडून येतो, हे आता पाहायचं. त्याच्या बारा वर्षं आधी हा नियम असता तर आंध्रातलं बरंचसं वाटप झालंच नसतं.

पण रोजंदारीवरच्या घराचं महिन्याचं उत्पन्न म्हणजे काय? पगाराची चिठ्ठी नसते, पावती नसते. कर्मचारी दारात उभा राहून विचारतो. बाई मनात हिशेब मांडते : शेतावरचे दिवस, शेळी विकली ते, नवरा बाहेरगावी गेला होता त्याचे. मग एक आकडा सांगते, जो कर्ज मिळण्याइतका मोठा आणि तीन लाखांच्या आत बसण्याइतका लहान असावा लागतो, हे तिलाही ठाऊक असतं. तो आकडा मोबाइलच्या फॉर्ममध्ये भरणाऱ्याच्या डोक्यावर महिन्याच्या वाटपाचं उद्दिष्ट असतं.